‘समजलं का?’ म्हटलं की सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात. वर्गात वेगळं काय करता येईल?

नवी_तासिका | ४ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी यंदापासून तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते आहे. प्रथम वर्ष बीए, पटावर ब्याण्णव, वर्गात साठ-पासष्ट. तास ४८ मिनिटांचा, त्यातली सहा-सात मिनिटं हजेरीत जातात. बाक जमिनीला ठोकलेले, हलत नाहीत. मुलं आसपासच्या गावांतली, निम्म्यांच्या घरी कांदा. साडेबाराची एसटी चुकली तर पुढची थेट अडीचला, त्यामुळे शेवटच्या तासाला सगळ्यांचं लक्ष दाराकडे.

गेला दीड महिना मी शिकवते आहे ते मला जसं शिकवलं गेलं तसंच. व्याख्या सांगते, उतरवून देते, फळ्यावर आकृती काढते, वैशिष्ट्यं एक ते सहा, आणि मग विचारते, ‘समजलं का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘हो मॅडम’.

गेल्या बुधवारी वीस मार्कांची चाचणी घेतली. एक प्रश्न मुद्दाम त्यांच्या घरचा टाकला होता: यंदा कांद्याचं पीक नेहमीपेक्षा खूप जास्त आलं, तर भावाचं काय होईल आणि शेतकऱ्यांच्या एकूण उत्पन्नाचं काय होईल? चौसष्ट पेपर आले. एक्केचाळीस जणांनी आकृती अगदी बरोबर काढली होती, वहीत होती तशीच, ‘क्ष वस्तू’ असं लिहिलेली. आणि त्याखाली जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘उत्पादन वाढल्यामुळे उत्पन्न वाढेल.’

यातल्या एका मुलीचे वडील लासलगावला ट्रॉली घेऊन जातात. पेपर वाटल्यावर ती व्हरांड्यात भेटली, तेव्हा विचारलं, ‘तुमच्याकडे कांदा खूप आला होता त्या वर्षी काय झालं होतं गं?’ ती लगेच म्हणाली, ‘भाव पडला ना मॅडम, ट्रॉलीचं भाडंसुद्धा सुटलं नाही.’ मी म्हटलं, ‘मग पेपरात उत्पन्न वाढेल असं का लिहिलंस?’ ती म्हणाली, ‘ते पुस्तकातलं आहे ना.’

चार दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही. जे तिला पक्कं ठाऊक आहे ते वर्गाच्या दाराबाहेर ठेवून ती आत येते, आणि हे तिला मीच शिकवलं आहे असं वाटतं.

मी पीपीटी करून पाहिली, अंधार झाला की मागचे झोपतात. गटचर्चा ठेवली, दर गटात एक बोलला आणि बाकीचे ऐकत बसले. प्रशिक्षणात ‘थिंक-पेअर-शेअर’, ‘फ्लिप्ड क्लासरूम’, ‘रोल प्ले’ अशी नावांची यादी मिळाली, पण पासष्ट मुलं, न हलणारे बाक आणि चाळीस मिनिटं यांत ते बसवायचं कसं हे कोणी दाखवलं नाही. तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष वर्गात काही केलं असेल, तर काय केलं, कसं केलं, कुठे अडलं, हे सविस्तर सांगाल का? मोबाइल सगळ्यांकडे नाहीत आणि वर्गात रेंजही नसते, हे कृपया धरून सांगा.

पाटीपेन्सिल | ४ ऑगस्ट, रात्री ११:०५

मॅडम, मी सांगलीकडे संख्याशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षं झाली. आधी एक सांगते: ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा. त्याला ‘हो’शिवाय उत्तर नाही. साठ जणांसमोर ‘नाही’ म्हणायला किती धैर्य लागतं, ते आपण त्या बाकावर बसलो होतो तेव्हाचं आठवा.

मी बाजारातून पाट्या आणल्या. साध्या, लाकडी चौकटीच्या. बाकाला एक. तास अर्ध्यावर आला की फळ्यावर एक प्रश्न लिहिते, खाली अ, ब, क असे तीन पर्याय. पहिलं एक मिनिट पूर्ण शांतता, प्रत्येकाने आपलं उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहायचं. मग शेजाऱ्याशी बोलायचं आणि दोघांचं मिळून एक अक्षर पाटीवर. मी टाळी वाजवली की सगळ्या पाट्या एकदम वर. एकदम हे महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या बाकाचं बघून मागचे लिहितात.

हे माझं डोकं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून असं करतात. त्यांचा ठोकताळा मला फार उपयोगी पडला: साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर आली, तरच मुलांना आपसात बोलू द्यायचं. तीसपेक्षा कमी आली तर कल्पनाच पोचलेली नाही, पुन्हा शिकवायचं. सत्तरच्या वर गेली तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. चर्चेनंतर पाट्या दुसऱ्यांदा वर करायला लावते, तेव्हा किती अक्षरं बदललेली असतात ते बघा. जो मुलगा नुकताच ती चूक करून बाहेर आलेला असतो, त्याला शेजाऱ्याची चूक माझ्यापेक्षा लवकर कळते.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. मी मनातल्या मनात दहा अंक मोजते. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते. थांबाच.

बाक ठोकलेले आहेत म्हणून काळजी करू नका. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीने मागे वळून बसायचं, की चार-चार जणांचे गट तयार.

जुना_खडू | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मॅडम, तुमची व्हरांड्यातली मुलगी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यातली पहिली बारा वर्षं मी ‘क्ष वस्तू’च शिकवली. तुमच्या दीड महिन्यात जे तुमच्या लक्षात आलं ते माझ्या बारा वर्षांत आलं नाही, याची खंत आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या मुलांकडून वर्गात बाजार भरवून घ्या. मी दर वर्षी मागणी-पुरवठा शिकवण्याच्या आधी भरवत असे. यातला ‘आधी’ हा शब्द अधोरेखित करून वाचा. आकृती शिकवून झाल्यावर भरवलात, तर मुलं आकृतीतलं उत्तर शोधत बसतात.

बत्तीस चिठ्ठ्या करा, सोळा विक्रेत्यांच्या आणि सोळा खरेदीदारांच्या. प्रत्येक चिठ्ठी दोन मुलांमध्ये एक, म्हणजे चौसष्ट मुलांना काम मिळालं. विक्रेत्यांच्या चिठ्ठीवर लिहा, ‘तुमच्याकडे एक क्विंटल कांदा आहे, अमुक रुपयांच्या खाली विकायचा नाही.’ आकडे ६००, ८००, १०००, १२००, १४००, १६००, १८००, २०००, प्रत्येकी दोन चिठ्ठ्या. खरेदीदारांच्या चिठ्ठीवर, ‘एक क्विंटल घ्यायचा आहे, अमुक रुपयांच्या वर द्यायचे नाहीत.’ आकडे २४००, २२००, २०००, १८००, १६००, १४००, १२००, १०००, प्रत्येकी दोन. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. विक्रेत्याला जितकं वर विकता येईल तितका नफा, खरेदीदाराला जितकं खाली घेता येईल तितका. सौदा झाला की दोघांनी येऊन फळ्यावर भाव लिहून घ्यायचा आणि बसायचं. पाच मिनिटांची एक फेरी. चिठ्ठ्या त्याच ठेवून तीन फेऱ्या.

पहिल्या फेरीत भाव वाटेल तिथे जातात. एक ११००ला विकून मोकळा होतो, दुसरा १९००ला घेऊन बसतो. बसल्यावर फळा बघतात आणि हळहळतात. ती हळहळ हवीच आहे, कारण दुसऱ्या फेरीत तीच मुलं घाई करत नाहीत. तिसऱ्या फेरीपर्यंत भाव १४०० ते १६०० च्या पट्ट्यात येऊन बसतो आणि सौदे दहाच्या आसपास होतात. तुम्ही काही सांगितलेलं नसतं. मग चिठ्ठ्या गोळा करा आणि मुलांनाच सांगा, विक्रेत्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडा, खरेदीदारांचे उतरत्या. दोन्ही पायऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे १४०० ते १६०० आणि दहा क्विंटल आलेलं असतं. ती पुस्तकातली आकृती, पण आता तिच्यातला प्रत्येक ठिपका वर्गातल्या कोणाचा तरी आहे.

दुसऱ्या दिवशी सांगा, अवकाळी झाली, निम्मा कांदा गेला. विक्रेत्यांच्या प्रत्येक जोडीतली एक चिठ्ठी काढून घ्या. भाव १८००कडे चढतो, सौदे सहा-सातच होतात. पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकते हे वाक्य मग सांगावंही लागत नाही.

याचा इतिहासही मुलांना सांगा, त्यांना आवडतो. हार्वर्डच्या एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गात असा बाजार भरवून १९४८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांच्या बाजारात मुलं फिरून दोघादोघांत सौदा करत, आणि भाव समतोलावर, म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात तिथे, येत नसे. काही वर्षांनी व्हर्नन स्मिथ तिथे विद्यार्थी म्हणून आले. पुढे ते पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागले. तिथे १९५६ मध्ये त्यांनी दोन बदल केले: बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी लावायची, आणि त्याच मुलांनी तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. भाव समतोलाकडे सरकू लागला. १९६२ मध्ये त्यांचा लेख आला आणि २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्गातल्या प्रयोगातून निघालेली वाट तिथवर गेली.

तुमच्या मुलांना हा फरक तर घरचाच आहे. चेंबरलिनचा बाजार म्हणजे शिवार खरेदी. व्यापारी वावरात येतो, बांधावर दोघांतच बोलणं होतं, शेजारच्या गावात काय भाव निघाला हे कळत नाही. स्मिथचा बाजार म्हणजे बाजार समितीतला लिलाव. बोली मोठ्याने, सगळ्यांसमोर. दोन्ही पद्धतींनी एकेक फेरी घ्या आणि फळ्यावरचे भाव शेजारी-शेजारी लिहा. काय फरक पडला, ते मुलांकडूनच वदवून घ्या.

आता तुमचा पेपरातला प्रश्न. पीक वाढलं तर उत्पन्न का पडतं? त्यासाठी पाटीपेन्सिल मॅडमची पाटी घ्या आणि विचारा: कांदा किलोला तीसचा पंधरा झाला, तर तुमच्या घरी कांदा दुप्पट खाल्ला जाईल का? हो, नाही, थोडा जास्त. मग वहीत हिशेब: शंभर क्विंटल, २००० भाव, दोन लाख. पुढच्या वर्षी एकशेवीस क्विंटल, पण भाव १४००, एक लाख अडुसष्ट हजार. माल वाढला आणि पैसा बत्तीस हजारांनी घटला. लवचीकतेची, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याची, व्याख्या यानंतर उतरवून द्या. व्याख्येला माझा विरोध नाही, ती परीक्षेत लागतेच, फक्त ती शेवटी यावी.

आणि जमलं तर मुलांना घरून जुन्या हिशोबपट्ट्या आणायला सांगा. नाव-गाव झाकून. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. तुमच्या हाताशी असा दस्तऐवज प्रत्येक घरात पडलेला आहे.

विभाग_प्रमुख | ५ ऑगस्ट, दुपारी १:२०

वर सांगितलेलं सगळं मी केलेलं आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. नाउमेद करण्याचा हेतू अजिबात नाही.

पहिल्या वर्षी उत्साहात मी जवळजवळ प्रत्येक तास असा घेतला. सत्राच्या शेवटी चौथं प्रकरण राहिलं. परीक्षेत त्यावर पंधरा मार्कांचा प्रश्न आला. मुलं माझ्यासमोर काही बोलली नाहीत, पण मार्क त्यांचे गेले. ते ओझं मी अजून वागवतो. तेव्हापासून आठवड्याला एकच तास असा घेतो, आणि तोही जिथे मुलं हमखास चुकतात त्याच मुद्द्यावर. बाकीच्या तासांत मी व्याख्यानच देतो आणि चांगलं द्यायचा प्रयत्न करतो. नीट बांधलेलं वीस मिनिटांचं व्याख्यान हीदेखील पद्धतच आहे, तिला कमी लेखू नका.

दुसरं, मुलं तक्रार करतील. ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात, नोट्स देत नाहीत.’ माझ्याकडे पालकांपर्यंत गेलं होतं. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. त्यात स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त मार्क पडले, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. सराईत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि स्वतः करताना अडखळायला होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गाला हे उघड सांगा: अडखळायला होईल, ते वाईट लक्षण नाही.

वरिष्ठांनी विचारलं तर सांगायला एक आकडा जवळ ठेवा. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८. आपला विषय त्यात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा.

आणि शेवटचं, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. चिठ्ठ्या करण्याचे, पाट्या आणण्याचे, पेपर वाचण्याचे तास कुठल्याच बिलात धरले जात नाहीत. हा अन्याय आहे. स्वतःला झेपेल तेवढंच करा. एकदा केलेल्या चिठ्ठ्या जाड कागदावर करून जपून ठेवा, पुढची दहा वर्षं चालतील.

मागचा_बाक | ५ ऑगस्ट, रात्री ९:३०

मी शिक्षिका नाही, चार वर्षांपूर्वी बीए झाले, आता पुण्यात नोकरी करते. विद्यार्थ्यांकडून कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्हाला प्रकल्पासाठी आठ-आठ जणांचे गट दिले होते. आठांत काम मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी केलं. सादरीकरणाच्या दिवशी ज्याचा आवाज मोठा त्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांना सारखे मार्क मिळाले. तेव्हापासून ‘गट करा’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

एकाच सरांनी वेगळं केलं. तिघांचाच गट. आणि काम झालं की डब्यातून हजेरी क्रमांकाची चिठ्ठी काढायचे, ज्याचा क्रमांक येईल त्याने गटाचं उत्तर सांगायचं. त्यामुळे आम्ही तिघंही एकमेकांना पक्कं समजावून ठेवायचो, कारण चिठ्ठी कोणाची निघेल माहीत नसायचं. अडलं तर ते म्हणायचे, ‘गटाला विचारून सांग,’ आणि थांबायचे. कोणाला कधी उभं करून ठेवलं नाही.

आणि एक विनंती, मुलं आपसात बोलताना घरच्या बोलीत बोलतील, ते बोलू द्या. एका मॅडमनी मला ‘शुद्ध बोल’ म्हणून अडवलं होतं. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या तासाला तोंड उघडलं नाही.

दुष्काळी_भाग | ६ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

समाजशास्त्र शिकवतो, सोलापूरकडे. ‘जिगसॉ’ नावाची पद्धत आहे. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळी-गोरी मुलं नुकतीच एका शाळेत येऊ लागली होती, वर्गात ताण होता, तेव्हा इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने ती काढली. विषयाचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. मग प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते.

मी १९७२च्या दुष्काळावर करतो. गटात चौघं. एक जण घरातल्या आजी-आजोबांना विचारून येतो, काय खाल्लं, कामाला कुठे गेलात. मुलं ‘सुकडी’ (दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं) आणि ‘मिलो’ (बाहेरून आलेली लाल ज्वारी) हे शब्द वहीत लिहून आणतात, कोणाची आजी खडी फोडायला गेलेली असते. दुसरा रोजगार हमीचा कायदा वाचतो, १९७७ चा. तिसरा गावात त्या काळी झालेला पाझर तलाव किंवा रस्ता बघून येतो. चौथा पावसाचे आकडे. पहिल्या तासाला एकाच तुकड्यावरची सगळी मुलं एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात, दुसऱ्या तासाला आपापल्या गटात जाऊन तो शिकवतात. दोन तास लागतात, कमी नाही.

एका मुलाची आजी रस्त्याच्या कामावर बाळंत झाली होती, ते बाळ म्हणजे त्याचे वडील. हे घरात त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर्गात तो ते सांगत होता तेव्हा एसटीची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही.

नवी_तासिका | ३० ऑगस्ट, रात्री ११:४५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी करून बघायचं होतं.

पाट्या दुसऱ्याच आठवड्यात आणल्या, पस्तीस. तीसवरून पंधरा भाव झाला तर कांदा दुप्पट खाणार का, हा प्रश्न टाकला. पहिल्यांदा अर्ध्याहून जास्त पाट्यांवर ‘हो’. मला धक्का बसला. बोला म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘अगं, स्वस्त झाला म्हणून भाजीत कांदाच घालशील का नुस्ता?’ दुसऱ्यांदा ‘हो’ म्हणणाऱ्या सहाच पाट्या उरल्या.

बाजार भरवला तो १४ तारखेला. वर्गात शक्यच नव्हतं, शेजारच्या तासाचे सर दोनदा येऊन गेले, म्हणून सगळ्यांना घेऊन सायकलींच्या शेडखाली गेले. पहिली फेरी पूर्ण गोंधळाची. दोन जोड्यांनी चिठ्ठीच उलटी समजून घेतली आणि १६०० च्या खाली विकायचा नाही तो १२००ला विकला. सातच सौदे, ११०० पासून १९०० पर्यंत. मी चिठ्ठीवरचं वाक्य मोठ्याने वाचून समजावलं नव्हतं, ती माझी चूक. दुसऱ्या फेरीच्या आधी ते केलं. तिसऱ्या फेरीत दहा सौदे झाले, सगळे १४५० ते १५५० मध्ये. सर, तुम्ही लिहिलं होतं तरी मला ते होईल असं वाटलं नव्हतं. फळा नव्हता म्हणून भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर भाव लिहीत होते, शेवटचे आकडे लिहिताना माझा हात थरथरत होता.

पण मला सांगायचं आहे ते नंतरचं.

वर्गात परत येऊन चिठ्ठ्या मांडत होतो. एक मुलगा आहे, कायम शेवटच्या बाकावर, दोन महिन्यांत हजेरीशिवाय त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्याची चिठ्ठी १८०० ची होती. तिन्ही फेऱ्यांत त्याचा कांदा विकला गेला नव्हता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे असं नसतं.’

मी म्हटलं, ‘कसं असतं?’

‘मी तीन बाजार तसाच उभा राहिलो, १८०० च्या खाली विकू नको लिहिलंय म्हणून. पण घरी आता कांदाचाळीत साठवलेला कांदा आहे, तो पाणी सोडायला लागलाय. दर आठ दिवसांनी निवडायला बसलो की घमेलं घमेलं फेकावं लागतं. आता १८०० काय आणि ८०० काय, जे मिळेल त्याला द्यावाच लागतो. खर्च तर मार्चमध्येच होऊन गेला, तो धरून कोण बसणार?’

मी खडू खाली ठेवला. झालेला खर्च आजच्या निर्णयात धरायचा नसतो, नाशवंत मालाचा पुरवठा अल्पकाळात भावाप्रमाणे फारसा हलत नाही, या दोन गोष्टी मला पुढच्या महिन्यात दोन वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवायच्या होत्या. त्याने त्या उभ्याउभ्या सांगितल्या होत्या. मी त्याला पुढे येऊन पुन्हा सांगायला सांगितलं. तो फळ्याजवळ आला, पण वर्गाकडे तोंड न करता फळ्याकडे बघूनच बोलला. चाळीत हवा कशी खेळती ठेवतात, काजळी, म्हणजे काळी बुरशी, कशी धरते, कोंब आलेला कांदा वेगळा का काढतात, गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, वेगळा भाव का. दहा मिनिटं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘म्हणून लवकर विकायची घाई सगळ्यांनाच होते आणि सगळ्यांचा माल एकदम येतो.’ आणि मग सगळेच बोलायला लागले.

सगळं छान झालं असं नाही. तोच जुना प्रश्न परवा पुन्हा चाचणीत टाकला. अठ्ठावन्न पेपर आले, सदतीस जणांनी उत्पन्न घटेल असं कारणासकट लिहिलं. एकवीस जणांनी अजूनही ‘वाढेल’ लिहिलं आहे, त्यांच्यासाठी काय करायचं ते मला कळलेलं नाही. चौघांनी येऊन नोट्स कधी देणार म्हणून विचारलं, विभागप्रमुख सरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्याशी नीट बोलले. एक प्रकरण मी आठवडाभर मागे आहे, ते शनिवारी जादा तास घेऊन भरून काढते आहे. व्हरांड्यातल्या त्या मुलीने आकृतीखाली ‘क्ष वस्तू’ खोडून ‘उन्हाळ कांदा’ लिहिलं होतं.

जुना_खडू सर, आता तुमच्याकडे एक काम. त्या मुलाने आणि आणखी दोघांनी नव्या चिठ्ठ्या करायला घेतल्या आहेत. ‘याच्या खाली विकायचा नाही’ हे वाक्य काढून टाकलं आहे. त्याऐवजी दर फेरीला न विकलेला कांदा काही किलो कमी होणार. किती किलो, यावर तिघांचं भांडण चालू आहे. एक म्हणतो पाच, हा म्हणतो पावसाळी आठवडा असेल तर पंधरा धरा. मी म्हटलं, दोन प्रकारच्या चिठ्ठ्या करू, कोरड्या आठवड्याच्या आणि पावसाच्या. खरेदीदारांचे आकडे तेच ठेवावेत की बदलावेत? येत्या गुरुवारी शेडखाली बाजार आहे, त्याच्या आत सांगितलंत तर बरं होईल.